काय जपायचं, काय घ्यायचं, काय दाखवायचं : सहावी ‘ब’च्या प्रकल्प नोंदी

४ जानेवारी २०२५, शनिवार

माझ्याच वर्गावर चाललेल्या संशोधन प्रकल्पाचं रेकॉर्डिंग नाताळच्या आधीच बंद केलं. आता नवीन काही गोळा करायचं नाही, असं सरांशी बोलून ठरलंय. (सर म्हणजे शेजारच्या वर्गावरचे गणिताचे सर. ऑगस्टपासून माझ्या विज्ञानाच्या तासाला मागच्या बाकावर बसून निरीक्षण तक्ते त्यांनीच भरले.) आज शाळा सुटल्यावर जे काही साठलंय ते नुसतं टेबलावर मांडलं. मोबाइलवर रेकॉर्ड केलेले तास, सरांचे तक्ते, माझी रोजनिशी, तास संपताना मुलांनी लिहून दिलेल्या चिठ्ठ्या, वह्यांचे फोटो, कोण कुठे बसतं त्याचे नकाशे, मधल्या सुट्टीत चार-चार मुलांशी मारलेल्या गप्पांची रेकॉर्डिंग, पायाभूत चाचणीचे आणि सत्राचे गुण, हजेरी. शिवाय पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावरचे मेसेज, मी उगाचच जपून ठेवलेले.

सर म्हणाले, “मॅडम, याच्यात दोन पीएच.डी. बसतील.” बसतील की. पण आमच्या एका साध्या प्रश्नाचं उत्तर यात नेमकं कुठे आहे, ते शोधायचंय. ढीग एवढा मोठा झाला, कारण मी रोज त्या वर्गात असते. बाहेरचा संशोधक ठरवून येतो आणि ठरलेलं घेऊन जातो. शिक्षिकेच्या हाताला सगळंच लागतं, आणि हाताला लागलं की ते डेटा वाटायला लागतं.

रजिस्टरच्या पहिल्या पानावर प्रश्न पुन्हा लिहून काढला, म्हणजे यापुढे वाद झाला की पान उलटून बघता येईल: मी प्रश्न विचारल्यावर जास्त वेळ थांबले, तर घरी मराठी न बोलणारी मुलं तासाला बोलतात का? बोलली तर काय बोलतात? नवी मुंबईतल्या दिघ्यात आमच्या वर्गात बंजारा, कन्नड, तेलुगू, भोजपुरी घरातली मुलं आहेत. आई-वडील एमआयडीसीत, नाक्यावर, बांधकामावर. काहींचे आजे-पणजे डोंगराच्या दगडखाणीवर आलेले.

थांबण्याची कल्पना आमची नाही. मेरी बड रो या अमेरिकन विज्ञान-शिक्षण संशोधिकेने १९७०च्या दशकात वर्गांच्या ध्वनिफिती ऐकून दाखवलं, की शिक्षक प्रश्न विचारून साधारण एक सेकंदच थांबतो. तो थांबा तीन सेकंदांवर नेला की मुलांची उत्तरं लांबतात, गप्प राहणारी मुलं बोलायला लागतात. तिने दोन थांबे मोजले होते. एक शिक्षकाच्या प्रश्नानंतरचा, दुसरा मुलाच्या उत्तरानंतरचा, म्हणजे शिक्षकाने “बरोबर!” म्हणण्याआधीचा. हा दुसरा बहुतेक जण विसरतात. सरांच्या तक्त्यात त्याला रकानाच नाही, त्यामुळे तो फक्त रेकॉर्डिंगमधूनच मिळेल.

११ जानेवारी, शनिवार

“हे ठेवायचं का?” असं म्हटलं की आमचं भांडण ठरलेलं. मी एक विचारते, सर दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देतात. आज कागदावर तीन प्रश्न सुटे केले. ही वस्तू जपायची का? विश्लेषणात घ्यायची का? अहवालात दाखवायची का? तिन्हींची उत्तरं एकच असायला हवीत असं नाही. बैठकीचे नकाशे जपायचे, पण विश्लेषणात नाहीत. गटातल्या गप्पा विश्लेषणात आहेत, पण त्यातलं एकही वाक्य जसंच्या तसं छापायचं नाही. मुलांच्या बोलण्याच्या लकबी अशा आहेत की वस्तीतलं कुणीही वाचून नाव सांगेल.

रजिस्टरमध्ये रकाने आखले: वस्तू, तारीख, तीन निर्णय, कारण, निर्णय कुणाचा. सर म्हणाले पुरे. मी आणखी एक रकाना टाकला: निर्णयाआधी ऐकलं होतं की नाही. एखादं रेकॉर्डिंग ऐकून झाल्यावर मी ते “कामाचं नाही” म्हणते, आणि दुसरं न ऐकताच तारखेवरून म्हणते, तर या दोन नकारांचं वजन सारखं नाही. शिकवते मी, मोजते मी, निष्कर्षही माझ्याच शिकवण्याबद्दल. अशा बाईच्या हातात कात्री द्यायची, तर कातरलेलं कुठे पडलं ते तरी दुसऱ्याला दिसायला हवं.

१५ जानेवारी, बुधवार

सकाळी तिळगूळ वाटताना एका मुलाचे वडील गेटवर थांबले होते. ऑगस्टमध्ये संमतीपत्रावर सही केली होती, आता नको म्हणाले. कारण विचारलं नाही. कारण न देता नाव काढून घेता येईल, असं पत्रातच आम्ही लिहिलं होतं.

२०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती लागते, आणि दिलेली संमती काढून घेणं ती देण्याइतकंच सोपं असलं पाहिजे, असंही म्हटलंय. कायदा अजून अंमलात यायचाय, नियमांचा मसुदा याच महिन्याच्या ३ तारखेला आला. पण गेटवर उभ्या माणसाला “अंमलबजावणी व्हायचीय” असं काय सांगायचं?

त्या मुलाच्या वहीचे फोटो दुपारीच डिलीट केले, फोनच्या ‘अलीकडे हटवलेले’ फोल्डरमधूनही. चिठ्ठ्या फाडल्या. रेकॉर्डिंगचं मात्र तसं नाही. तीस-पस्तीस मुलांच्या आवाजातून एकाचा आवाज उपटून काढता येत नाही. ठरवलं असं: उतरवून घेताना त्याच्या बोलण्याच्या जागी नुसती रेघ. त्याचं उत्तर मोजायचं नाही, आणि त्याच्या उत्तरानंतरचा माझा थांबाही मोजायचा नाही. या दुसऱ्यावर सर जरा थबकले, कारण थांबा तर माझा आहे. पण तो थांबा त्या मुलाच्या बोलण्यावर टांगलेला आहे, म्हणून गेला.

१९ जानेवारी, रविवार

आज घरी, कळव्याला, खराब रेकॉर्डिंगची यादी घेऊन बसले. “ऐकू येत नाही” असा शेरा मारून आम्ही ती वेगळी काढली होती, आणि हा निर्णय इतका निरुपद्रवी वाटला होता की कारणाच्या रकान्यात दोघांनीही दोन शब्दांपलीकडे काही लिहिलं नव्हतं.

मग टाचण वही उघडून त्या तारखांना काय शिकवलं ते समोर लिहिलं. ऑगस्टमधले धो धो पावसाचे दिवस सोडले, तर जवळजवळ सगळे गटकामाचे नाहीतर प्रयोगाचे तास! बर्फ वितळवला तो तास. पदार्थ हाताळून गट करायला लावले तो तास. घर्षणासाठी पुस्तकं, पुठ्ठा, सायकलची ट्यूब आणायला सांगितली होती तो तास. सगळी मुलं एकदम बोलतायत, बाकं सरकतायत, कोण कुणाला काय सांगतंय कळत नाही. आणि “स्वच्छ” रेकॉर्डिंग कुठली? मी पुढे उभी, दार लावलेलं, एकेक मूल उभं राहून उत्तर देतंय, ती. ज्या तासांना माझी सत्ता पूर्ण चालते, ते तास मोबाइलला छान ऐकू येतात.

म्हणजे आवाजाच्या दर्जावरून निवड केली असती, तर गप्प मुलं बोलतात का हे शोधायला निघालेल्या प्रकल्पातून ती जिथे सगळ्यात जास्त बोलली असतील तेच तास गेले असते. वर अहवालात वाक्य आलं असतं, “तांत्रिक कारणांमुळे काही ध्वनिमुद्रणे वगळली.” असली वाक्यं मी इतरांच्या कृती संशोधनात, म्हणजे शिक्षकांनी स्वतःच्याच वर्गावर केलेल्या अभ्यासांत, बिनदिक्कत वाचत आलेय.

नवा नियम, सरांना फोनवर वाचून दाखवला. वगळायचा तर एकेक प्रश्न वगळायचा, अख्खा तास नाही. माझा प्रश्न आणि त्यानंतर उमटलेला पहिला आवाज, दोन्ही ओळखू आले तर तो प्रश्न वेळ मोजण्यासाठी घ्यायचा. नाही आले तर तो एकच प्रश्न सोडायचा. गटकामाच्या तासांतून वेळ मोजायची नाहीच. तिथे फक्त कोण बोललं एवढं घ्यायचं, तेही सरांच्या तक्त्यात आणि रेकॉर्डिंगमध्ये दोन्हीकडे सापडलं तर.

सरांचं म्हणणं, याने काम तिप्पट होईल. होईल.

२५ जानेवारी, शनिवार

नोव्हेंबरचं खातं जवळजवळ रिकामं आहे. दिवाळीची सुट्टी, तिला जोडून गावाला गेलेली मुलं, मग २० तारखेचं विधानसभेचं मतदान. आम्ही दोघंही निवडणूक प्रशिक्षण आणि बूथच्या कामात. ऑगस्ट ते ऑक्टोबर हा “आधी” आणि डिसेंबर हा “नंतर” असं धरून तुलना करायची सरांची सूचना होती. मला पटत नाही. मधल्या काळात वर्गच बदलला. दिवाळीनंतर काही मुलं परत आलीच नाहीत, काही आठवडा-पंधरा दिवस उशिरा आली.

यातून अवघड प्रश्न निघाला. सगळे महिने हजर होती तेवढीच मुलं विश्लेषणात घ्यावीत का? संख्येचा अभ्यास असता तर तसंच केलं असतं, तक्ता नीटनेटका दिसतो. पण आमच्या वर्गात मधूनच निघून जाणारी मुलं म्हणजे कामाच्या मागे फिरणाऱ्या घरांतली, आणि घरी दुसरी भाषा असणारीही बहुतेक तीच. पूर्ण हजेरीची अट घातली की प्रश्न ज्यांच्याबद्दल आहे तीच मुलं यादीतून उडतात. त्यामुळे गेलेल्या मुलांचं जेवढं आहे तेवढं राहील. त्यांच्याबद्दल “सुधारणा” असा शब्द मात्र वापरता येणार नाही, कारण पुढचं काही माहीतच नाही. आधी-नंतर अशी मांडणीच रद्द. तास जसे आले तसे वाचायचे.

२ फेब्रुवारी, रविवार

नौपाड्यात मार्गदर्शक मॅडमकडे. निवृत्त अधिव्याख्यात्या, त्यांच्यापुढे मी अजून प्रशिक्षणार्थीच. रजिस्टर चाळलं, शेवटचा रकाना बघून हसल्या आणि म्हणाल्या, “हे चांगलं केलंस. पण तू सगळंच ऐकून बसलीस, तर तुझं म्हणणं कशावर तपासणार?”

मग त्यांनी एक जुनी युक्ती सांगितली. कल्पना अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ एलियट आयझनर यांची, आणि इव्होना लिंकन व इगॉन गुबा यांनी १९८५ मध्ये गुणात्मक संशोधनाच्या विश्वासार्हतेबद्दल लिहिताना ती घेतली. कच्च्या सामग्रीतला काही भाग सुरुवातीलाच बाजूला बांधून ठेवायचा. त्याला हात न लावता बाकीचं विश्लेषण संपवायचं, आणि मग तो भाग उघडून आपला निष्कर्ष तिथे टिकतो का ते बघायचं. लोक हे सहसा करत नाहीत, कारण कष्टाने गोळा केलेलं न वापरणं जिवावर येतं.

माझ्याही आलं. पण परतताना तलावपाळीवर बसून सरांना फोन केला. संध्याकाळी त्यांनी चिठ्ठ्या टाकल्या: प्रत्येक महिन्याचा एक तास, म्हणजे नोव्हेंबरच्या तुटपुंज्यातलाही एक. त्या फाइल्स पेन ड्राइव्हवर घालून त्यांनी स्वतःकडे ठेवल्या, माझ्या फोनवरून आणि लॅपटॉपवरून काढून टाकल्या. कुठल्या तारखा निघाल्या ते मला सांगायचं नाही असं ठरलं होतं, पण काय नाहीसं झालं ते फोल्डर बघितल्यावर कळतंच की. असो. त्या तासांची रोजनिशीतली पानंही स्टेपल करून टाकली.

९ फेब्रुवारी, रविवार

उतरवण्याचं काम. तासाभराच्या रेकॉर्डिंगला चार ते सहा तास धरावे लागतात, आणि एकाच वाक्यात तीन भाषा असल्या की त्याहून जास्त. आपोआप लिहून देणारं अ‍ॅप आमच्या वर्गापुढे हात टेकतं. त्यामुळे सगळं शब्दशः उतरवत नाही. प्रश्नापासून पुढचा प्रश्न येईपर्यंतचा तुकडा उतरवायचा, मधलं फळ्यावरचं निवेदन सोडायचं. थांबा ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये मोजते. आवाजाच्या लाटेत शांततेची सपाट पट्टी दिसते, ती माऊसने निवडली की खाली वेळ येते. सुरुवातीला सरांनी आणि मी तेच तुकडे वेगवेगळे मोजून ताडून पाहिले.

आज ‘साधी यंत्रे’चा डिसेंबरमधला तास आला. स्टाफरूममध्ये हा तास सगळ्यांना पाठ आहे, कारण मीच सांगितलाय. अहवालाची सुरुवात त्यानेच करायची असं माझ्या मनात पक्कं होतं. तरफ शिकवताना मी विचारलं होतं, “एवढा मोठा दगड पहारीने हलवायचाय, तर टेकू कुठे ठेवू?” आणि ऑगस्टपासून तासाला तोंड न उघडलेली एक मुलगी उभी राहून म्हणाली होती, “दगडाजवळ ठेवायचा. मग आजोबांना जोर कमी लागतो.” रोजनिशीत त्या दिवशी मी लिहिलंय: ‘आज खरंच थांबले, आणि ती बोलली.’

रेकॉर्डिंगमध्ये असं आहे: प्रश्न. दोनेक सेकंद शांतता. दार वाजतं, शिपाई मामा सूचना वही घेऊन येतात. मी सूचना वाचते, कसलीशी माहिती आजच्या आज हवी आहे म्हणून पुटपुटते, सही करते. हे सगळं अर्ध्या मिनिटाच्या आसपास. त्या वेळात मुलांची कुजबुज वाढते, आणि मोबाइल ठेवला होता त्याच्या जवळच्या बाकावरून तिचा आवाज येतो. शेजारणीशी, गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत. शेजारीण काहीतरी म्हणते. पुन्हा तिचा आवाज. मग मामा जातात, मी वळते, आणि ते मराठी वाक्य येतं, एका दमात.

दुपारभर हे तुकडे पुन्हापुन्हा ऐकले. सरांचं पहिलं मत असं, की हा प्रसंग वगळावा. थांबा ठरवून घेतलेला नाही, व्यत्यय आहे, आणि व्यत्यय मोजायचे नाहीत हा आमचाच नियम. नियमाप्रमाणे त्यांचं बरोबर. पण मग रोजनिशीचं काय? तिथे तर तो ठरवून घेतलेला थांबा म्हणून नोंदलाय. दोन्ही पुरावे एकाच अर्ध्या मिनिटाचे. त्यातला एक निवडून दुसरा झाकला, तर काय घडलं तेही जाईल आणि मला काय घडल्यासारखं वाटलं तेही. मला काय वाटतं यावर माझं उद्याचं शिकवणं ठरतं, म्हणून तेही चौकशीतच येतं. दोन्ही ठेवले, समोरासमोर, आणि मध्ये ‘जुळत नाही’ असा शेरा.

नियम बदलला. बदलाची तारीख आजची, कारण रजिस्टरमध्ये. व्यत्ययामुळे पडलेले थांबे यापुढे वगळायचे नाहीत, वेगळ्या खुणेने घ्यायचे. आधी सोडून दिलेले व्यत्यय पुन्हा शोधायला मागे जावं लागणार. सूचना वही, मुख्याध्यापकांचा निरोप, शेजारच्या वर्गाच्या बाई खडू मागायला येणं, एमआयडीसीचा भोंगा. एरवी यांच्या नावाने बोटं मोडते.

आणि तो प्रसंग अहवालाच्या सुरुवातीला येणार नाही. इतका देखणा प्रसंग पहिल्या पानावर आला, की वाचणारा पुढचं सगळं त्याच्याच उजेडात वाचतो. मीही तेच केलं असतं.

१६ फेब्रुवारी, रविवार

कुजबुज. जानेवारीत आम्ही तिला ‘गोंगाट’ म्हणून खूण केली होती. आता ती हवी आहे, आणि त्याबरोबर दोन अडचणी आल्या.

पहिली संमतीची. तास रेकॉर्ड होतोय हे मुलांना माहीत होतं, फोन टेबलावर दिसत होता. पण बाकावरच्या मैत्रिणीला हळूच सांगितलेलं त्यात येईल असं कुणाला वाटलं असेल? काही तुकड्यांत घरचं बोलणं आहे. कुणाचे वडील कुठे गेले, कुणाकडे पाणी आलं नाही. तो एक तुकडा ऐकून मी हेडफोन काढून ठेवला. ठरवलं: कुजबुजीतलं धड्याशी जोडलेलं तेवढंच उतरवायचं. बाकीच्या जागी ‘इतर’ एवढंच, विषयसुद्धा लिहायचा नाही. आणि ज्यांची कुजबुज घेतोय त्या मुलांना आणि घरच्यांना पुन्हा विचारायचं, या नव्या वापरासाठी.

दुसरी भाषेची. गोरमाटी मला येत नाही. शाळेतल्या एका मावशींना येते, त्यांनी सहज मदत केली असती. पण त्या त्याच वस्तीतल्या, प्रत्येक आवाज ओळखणार. त्यामुळे माझ्या डी.एड.च्या मैत्रिणीला विचारलं. ती वाशिम जिल्ह्यात शिकवते, घरची बोली तीच. तिला फाइल पाठवली नाही. फोन लावून तुकडे ऐकवले, नावं वगळून.

मुलीने शेजारणीला विचारलं होतं, पहारीला मराठीत काय म्हणतात. नुसती खात्री करून घेत होती.

२० फेब्रुवारी, गुरुवार

मुख्याध्यापकांनी विचारलं, “गुण वाढले का?” सांगितलं की गुण विश्लेषणात घेतलेले नाहीत. चाचणीत मूल कागदावर लिहितं, आमचा प्रश्न बोलण्याचा आहे. वाढले असते तरी श्रेय थांब्याला देता आलं नसतं. त्यांना केंद्रसंमेलनात दाखवायला आलेख हवा होता. गुण शाळेच्या नोंदीत आहेतच, आमच्या फोल्डरमधून आज काढले.

२३ फेब्रुवारी, रविवार

व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज डिलीट. पालकांनी ते शिक्षिकेला पाठवले होते, संशोधिकेला नाही.

मेसेज डिलीट करायला मिनिट लागलं. डोक्यातलं जात नाही, ही या प्रकारच्या संशोधनाची खरी गाठ आहे. अमुक मुलगा का गप्प असतो ते मला माहीत आहे. त्याच्या आईने एकदा व्हरांड्यात सांगितलं होतं. ती माहिती मी वापरू शकत नाही. पण त्याच्या शांततेचा तुकडा वाचताना ती माझ्या डोक्यात नाही, असं म्हणणंही खोटं. बाहेरच्या संशोधकाला ही अडचण नसते, कारण त्याला व्हरांड्यात कुणी काही सांगत नाही.

तोडगा पूर्ण नाही, पण एवढं करतेय: अशा प्रत्येक तुकड्यासमोर रजिस्टरमध्ये ‘बाहेरून माहीत’ अशी खूण. काय माहीत ते लिहायचं नाही. त्या तुकड्यांचा अर्थ लावायला सर आधी बसतात, मी नंतर. त्यांचं वाचन माझ्याहून वेगळं निघालं तर दोन्ही राहतात. आज एका ठिकाणी मी ‘घाबरला’ लिहिलं असतं तिथे त्यांनी ‘विचार करतोय’ लिहिलंय. मला अजूनही माझंच बरोबर वाटतं, पण ते मी रेकॉर्डिंगमधून दाखवू शकत नाही.

१ मार्च, शनिवार

टोपणनावांवर वेळ घालवणं बंद. अहवालावर माझं नाव असणार, म्हणजे शाळा कळली, तुकडी कळली. तेलुगू बोलणारा एकच मुलगा वर्गात असेल, तर त्याला ‘वि ७’ म्हटल्याने काय लपतं? ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञ लॉरेन्स स्टेनहाउस यांची संशोधनाची व्याख्या मला आवडते: पद्धतशीर चौकशी, आणि ती लोकांपुढे मांडलेली. पण लोकांपुढे मांडायची आहे ती चौकशी. मुलं नाहीत.

म्हणून दाखवण्याच्या रकान्यात एकच कसोटी ठेवली: ही ओळ त्या मुलाच्या आईला तिच्या गल्लीत कुणी वाचून दाखवली, तर चालेल का? बऱ्याच ओळी यात गेल्या. पहारीची राहील. त्या मुलीला आणि तिच्या आईला वाचून दाखवली. आईने विचारलं, आजोबांचं नाव का नाही लिहिलं.

९ मार्च, रविवार

पेन ड्राइव्ह उघडला. सर घरी आले होते, दिवसभर दोघंच.

पहिला थांबा, माझ्या प्रश्नानंतरचा: बांधून ठेवलेल्या तासांतही तेच दिसतं. थांबा लांबला की मुलं आधी शेजाऱ्याशी घरच्या भाषेत बोलून घेतात, मग मोठ्याने मराठीत. पण एक फरक दिसला, जो आमच्या विश्लेषणात निसटला होता. हे घडतं ते त्याच भाषेचं कुणी शेजारी असेल तर. तेलुगू बोलणारा मुलगा बांधलेल्या एकाही तासात थांब्यानंतर बोललेला नाही. त्याच्यासाठी माझे तीन सेकंद ही नुसती लांबलेली शांतता आहे. हे ताडून बघायला बैठकीचे नकाशे लागले. ११ जानेवारीला ‘जपायचे, विश्लेषणात नाहीत’ असं ज्यांच्यापुढे लिहिलं होतं, तेच. तो ऑगस्टपासून खिडकीजवळ भोजपुरी बोलणाऱ्या दोघांच्या मध्ये बसतोय. नकाशे आता विश्लेषणात.

दुसरा थांबा: टिकला नाही. बाकीच्या तासांत मुलाच्या उत्तरानंतर मी थोडी थांबते असं वाटत होतं. बांधलेल्या तासांत “बरोबर”, “छान”, “अजून कोण?” लगेच येतं, कधी मुलाचं वाक्य संपायच्या आत. त्यावर लिहिलेलं पानभर अहवालातून काढलं. काढलेलं पान रजिस्टरला जोडलंय, का काढलं त्यासकट.

१५ मार्च, शनिवार

धुळवडीचा रंग नखांतून गेलेला नाही आणि सर निर्णयांची शेवटची यादी मागतायत. तर: उतरवलेले तुकडे, तक्ते, नकाशे आणि रजिस्टर राहतील. त्यांत नावं नाहीत. संमतीपत्रं वेगळ्या पाकिटात, मुख्याध्यापकांच्या कपाटात. वह्यांचे फोटो गेले. चिठ्ठ्या मुलांना परत द्यायच्या, हव्या असतील त्यांना. तासांची आणि गप्पांची मूळ रेकॉर्डिंग ३० जूनपर्यंत, म्हणजे अहवाल वाचून कुणी तपासायला मागितलं तर. मग डिलीट, दोघांसमोर.

गटकामाच्या रेकॉर्डिंगवर एकमत झालं नाही. सरांना ती पुढच्या वर्षी गणिताच्या गटचर्चेसाठी ठेवायची आहेत. इतकी मुलं एकदम बोलतायत असं साहित्य पुन्हा मिळणार नाही, हे त्यांचं खरं आहे. माझं म्हणणं, पालकांनी सही केली ती थांब्याच्या प्रश्नासाठी. गणितासाठी पुन्हा विचारावं लागेल, आणि गावाला निघून गेलेल्यांना विचारणार कसं? दोघांची मतं रजिस्टरमध्ये लिहिली, खाली दोघांच्या सह्या. तोपर्यंत ती जूनच्या यादीतच आहेत.

सोमवारी बाकं हलवायची आहेत. तेलुगू बोलणाऱ्या मुलाच्या भाषेचं वर्गात दुसरं कुणी नाही, पण सातवीत एक आहे. विज्ञानाचा तास दोन्ही वर्गांना एकत्र घेता येतो का, वेळापत्रक बघून सर सांगणार आहेत.